स्कूल बसचे थांबे आणि मार्ग कसे ठरवावेत: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

प्रवेश आटोपले की मुलांची यादी परिवहन विभागाच्या टेबलावर येते आणि पाठोपाठ ‘मार्ग लावून टाका’ असा निरोप येतो. नवखा माणूस बहुधा गाड्यांपासून सुरुवात करतो. चार बस आहेत, गावाला चार दिशा आहेत, नकाशावर चार रेघा ओढायच्या आणि त्यांवर थांबे टाकत जायचे. अशा मार्गांत किलोमीटर कमी पडतात, पण सकाळी सहा वर्षांचे मूल दप्तर सावरत वाहत्या रस्त्याच्या पलीकडे उभे राहते आणि बस अलीकडे लागते. म्हणून क्रम उलटा ठेवा. मूल कुठे उभे राहील हे आधी ठरवा. त्यानंतर बस तिथे कोणत्या बाजूने येईल ते पाहा. किलोमीटर आणि डिझेलचा हिशेब सर्वांत शेवटी करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

आधी समिती

महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेला परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक, वाहतूक पोलिस, आरटीओ यांचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. थांबे ठरवणे हा तिच्याच कामाचा भाग आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावरच राहते. तसे होऊ देऊ नका, कारण थांब्यापुढचा पार्किंगचा फलक, झिजलेले झेब्राचे पट्टे, नो एंट्रीतून सकाळपुरती मुभा ही कामे वाहतूक पोलिसांशिवाय होत नाहीत. यादी हातात आली की बैठकीची तारीख घ्या आणि थांब्यांचा कच्चा आराखडा तिथे मांडा.

बसवर मदतनीस हवा आणि मुली असतील तर महिला मदतनीस हवी, हेही नियमातच आहे. मार्ग आखताना तिचा विचार पहिल्यापासून करा, कारण काही थांबे केवळ तिच्या भरवशावर चालणार असतात.

पायरी १: पत्ता नको, फाटकाचे ठिकाण हवे

प्रवेश अर्जातल्या ‘मारुती मंदिरामागे, भैरवनगर’ अशा पत्त्यावर मार्ग आखता येत नाही. पालकांना व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा. ते घरात बसून न पाठवता सोसायटीच्या किंवा वाड्याच्या फाटकाशी उभे राहून पाठवावे, असे स्पष्ट लिहा. मोठ्या सोसायटीला दोन-तीन फाटके असतात. मागच्या फाटकावरून पाठवलेल्या खुणेमुळे बस अख्ख्या वसाहतीला वळसा घालत बसते.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: मुलाचा क्रमांक, इयत्ता, फाटकाचे ठिकाण, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बस हवी की एकच वेळ, उतरवून घ्यायला कोण येणार, आणि काही विशेष गरज असल्यास ती. दुपारी आजीकडे किंवा पाळणाघरात जाणारी मुले हमखास निघतात. त्यांचा दुपारचा पत्ता वेगळा घ्या, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी ऐनवेळी फोनवर कळतो.

ही ठिकाणे गूगल माय मॅप्ससारख्या साध्या साधनात टाका आणि इयत्तेनुसार रंग द्या: पूर्व प्राथमिक ते दुसरी एक रंग, तिसरी ते पाचवी दुसरा, त्यापुढे तिसरा. नकाशावर मुलांची नावे टाकू नका, क्रमांक टाका. हा नकाशा पुढे पालकांच्या गटांत फिरतो, आणि कोणते मूल किती वाजता कुठे उभे असते हे चारचौघांत जाणे धोक्याचे आहे.

पायरी २: थांबा निवडणे

कामाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे. इथे घाई केली तर पुढची कितीही गणिते बरोबर येऊन उपयोग नाही.

चालण्याचे अंतर लहान मुलांसाठी २०० ते २५० मीटर, पाचवीपुढच्यांसाठी ५०० मीटरपर्यंत धरा. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, मूल ज्या वाटेने चालेल त्या वाटेने मोजा. मधे नाला, कुंपण किंवा रेल्वे रूळ असेल तर सरळ रेषेतले १५० मीटर प्रत्यक्षात ६०० होतात. वाटेत मुख्य रस्ता आडवा येत असेल तर अंतर कितीही कमी असो, तो थांबा त्या मुलासाठी बाद समजा.

थांबा दुरून दिसला पाहिजे. आपल्याकडे थांबलेल्या स्कूल बसमागे बाकीची वाहने थांबतील असे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे मागून येणाऱ्याला बस वेळेत दिसणे हाच खरा बचाव. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत वाहन थांबवायला किती अंतरावरून दिसावे लागते याचे आकडे आहेत: ताशी ४० किमीला ४५ मीटर, ५० ला ६० मीटर, ६५ ला ९० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर. रस्त्यावर पाटी कितीची लावली आहे ते बघू नका. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर वाहने प्रत्यक्षात कितीने येतात ते पाहा आणि त्या वेगाचे अंतर घ्या.

तपासायची रीत अशी. एकाला थांब्यावर उभे करा. दुसऱ्याने वाहने ज्या बाजूने येतात तिकडे रस्त्याच्या कडेने तेवढे अंतर चालत जावे आणि मागे वळून पाहावे. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंतचा भाग स्वच्छ दिसला पाहिजे, कारण मुलाची उंची साधारण तेवढीच असते. डोके दिसते पण कंबर दिसत नाही, असे झाले तर मधे उभ्या गाड्या, चढ किंवा झाडोरा आहे. थांबा हलवा. वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा उड्डाणपूल उतरतो तिथे हे अंतर जवळजवळ कधीच मिळत नाही, म्हणून तिथे मोजण्यात वेळही घालवू नका.

चौकाजवळ थांबा द्यावाच लागला तर चौक ओलांडून पुढे ३०-४० मीटरवर द्या. चौकाअलीकडे थांबलेली बस डावीकडे वळणाऱ्या दुचाकींना आडवी येते, आणि त्या दुचाकी बस आणि पदपथ यांच्या फटीतून, म्हणजे नेमक्या दारासमोरून घुसतात. मुलांना उतरताना लागलेले धक्के बहुतेक याच फटीतले असतात. म्हणून चालकाला सांगून ठेवा की बस कडेला इतकी खेटून लावायची की मधून दुचाकी जाणार नाही.

उभे राहायची जागा रस्त्याच्या कडेपासून किमान दोन मीटर आत असावी. दहा मुलांसाठी साधारण पाच मीटर लांबीची सपाट जागा लागते. जागा पाहताना मान वर आणि खाली दोन्हीकडे वळवा. वर लोंबत्या तारा किंवा जाहिरातीचा सांगाडा नको. खाली उघडे गटार, तुटलेले चेंबर नको, कारण पहिल्या मोठ्या पावसात पाणी चढले की ते दिसेनासे होते. विजेच्या डीपीपासून लांब राहा. कचराकुंडी आणि मटणाची दुकाने यांच्याजवळ पहाटे कुत्री जमलेली असतात. दुपारी अकराला जागा पाहायला गेलात तर ती दिसत नाहीत.

म्हणून प्रत्येक थांबा बस येण्याच्या वेळेलाच पाहायचा, आणि दुपारचा थांबा दुपारी. अंधाराचाही विचार करा. जूनमध्ये मुंबईत सहाच्या सुमारास उजाडते, पण जानेवारीत सूर्योदय सव्वासातपर्यंत लांबतो. नागपुरातही तो सात वाजण्याच्या थोडाच आधी असतो. जूनमध्ये लख्ख उजेडात निवडलेला साडेसहाचा थांबा जानेवारीत काळोखात जातो. साडेसातच्या आतल्या प्रत्येक थांब्यावर चालू पथदिवा हवा. खांब आहे एवढे पाहून परत येऊ नका, तो लागतो का ते पाहा.

पायरी ३: बस कोणत्या बाजूने न्यायची

नवीन माणसाला हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, आणि मार्गाचा निम्मा धोका याच्यानेच कमी होतो.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि बसचे दार डावीकडे असते. बसने एखाद्या वसाहतीला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेरा घातला तर प्रत्येक वळण डावे येते आणि वसाहत सतत दाराच्या बाजूला राहते. फेऱ्याच्या आतली सगळी मुले रस्ता न ओलांडता चढतात. उजवी वळणे नसल्याने समोरच्या वाहतुकीत थांबून राहणेही वाचते. तोच फेरा काट्यांच्या दिशेने घातला तर आतल्या प्रत्येक मुलाला रस्ता ओलांडावा लागतो. नकाशावर दोन्ही फेरे अगदी सारखे दिसतात, किलोमीटरही तेवढेच भरतात. म्हणून नकाशावर मार्गाबरोबर बाणही काढा. बाणाशिवायचा मार्ग समितीपुढे नेऊ नका.

दुपारी हाच फेरा त्याच दिशेने, त्याच क्रमाने घ्या. सकाळचा मार्ग उलटा फिरवायचा मोह होतो, पण उलटा फिरवला की प्रत्येक थांबा रस्त्याच्या पलीकडे जातो. त्याच दिशेने गेल्याचा आणखी एक फायदा आहे. सकाळी सर्वांत आधी चढणारे मूल दुपारी सर्वांत आधी उतरते, त्यामुळे दिवसभराचा प्रवास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. एकाच मुलाला दोन्ही वेळा सर्वांत जास्त बसावे लागते, ही तक्रार मग उरत नाही.

वस्ती एकाच सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर फेरा जमत नाही. तिथे बस जाताना डाव्या हाताची मुले घेते, टोकाला वळते आणि येताना दुसऱ्या हाताची घेते. दुपारीही तसेच. जाताना चढलेल्या मुलांना टोकापर्यंत जाऊन परत यावे लागते. रस्ता तीन-चार किलोमीटरचा असेल तर हा दहा-पंधरा मिनिटांचा भुर्दंड सोसावा. त्याहून लांब असेल तर तो भाग दोन मार्गांत तोडा.

काही ठिकाणी ओलांडणे टळतच नाही. ते फक्त शांत, दोन पदरी, दुभाजक नसलेल्या गल्लीत आणि मदतनीस स्वतः हात धरून नेणार असेल तरच चालेल. मदतनीस आधी उतरते, दोन्ही बाजू पाहते, मुलाला बसच्या पुढच्या टोकापासून किमान तीन मीटर पुढे नेते, चालकाच्या नजरेला नजर मिळाल्यावरच ओलांडते. बसच्या नाकासमोरचे दोन-तीन मीटर चालकाला दिसत नाहीत आणि छोटे मूल त्यात पूर्ण लपते. बसच्या मागून ओलांडायला कधीही द्यायचे नाही.

पायरी ४: बस वळते का, मावते का

मोठ्या, सुमारे १२ मीटर लांबीच्या बसला एका दमात उलट फिरायला २२ ते २४ मीटर रुंद मोकळी जागा लागते. सात मीटरच्या मिनीबसला साधारण १५ मीटर पुरतात. एवढी जागा नसेल तर चालक रिव्हर्स घेणारच, आणि थांब्यावर रिव्हर्स घेणे पूर्ण बंद ठेवायला हवे. वळवायची जागा थांब्यापासून वेगळी असावी: मंगल कार्यालयाचे आवार, मैदान, रुंद चौक. रिव्हर्स अटळ असेल तर मुले आत असताना घ्यावा. म्हणजे सकाळी मुले चढल्यावर वळवायचे, दुपारी उतरवण्याआधी. मदतनीसाने खाली उतरून मागे उभे राहणे आलेच.

ग्रामीण भागात रस्त्याची रुंदी बघा. ग्रामसडक योजनेतल्या बहुतेक रस्त्यांचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर असतो आणि बस अडीच मीटरची. समोरून उसाची ट्रॉली आली की दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते, आणि पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे चिखल. बाजू देता येईल अशी ठिकाणे (शाळेचे आवार, फाटा, रुंद मोरी) मार्गपत्रकात नोंदवा. दोन ठिकाणांमध्ये अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तिथे मोठी बस पाठवू नका.

महामार्गावरच्या फाट्याचा थांबा सोपा दिसतो, कारण बसला आत जावे लागत नाही. तो टाळा. मुले शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या शेजारी उभी राहतात आणि निम्म्यांना दुभाजक ओलांडून यावे लागते. बस सर्व्हिस रोडने आत न्या आणि ग्रामपंचायतीसमोर किंवा पारावर थांबवा.

पायरी ५: वेळेचे गणित

मोबाइलवरच्या नकाशाने दाखवलेली वेळ मोटारीची असते. स्कूल बसला वेगनियंत्रक असतो, ती जड असते, गतिरोधकावर जवळजवळ थांबते. ती वेळ आधार म्हणून धरू नका, स्वतः मोजा. तोवर कच्च्या आखणीसाठी शहरात गर्दीच्या वेळी चालता वेग ताशी १५ ते १८ किमी, गावाकडे २५ ते ३० किमी धरा.

एक उदाहरण सोडवून पाहू. प्राथमिकची घंटा नऊची. बस फाटकात १५ मिनिटे आधी, म्हणजे ८:४५ ला हवी. मार्ग ११ किमी, १२ थांबे, ३४ मुले. ताशी १८ किमीने ११ किमीला ३७ मिनिटे. प्रत्येक थांब्यावर गाडी कडेला घेणे, दार, पुन्हा वाहतुकीत शिरणे यांत २० सेकंद जातात: १२ थांब्यांचे ४ मिनिटे. लहान मूल दप्तरासह चढून जागेवर बसायला साधारण ६ सेकंद: ३४ मुलांचे साडेतीन मिनिटे. बेरीज ४५ मिनिटांच्या आत. त्यावर दहा टक्के राखीव म्हणजे ५ मिनिटे. एकूण ५०. पहिला थांबा ७:५५ चा.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. थांबा वाढवला तर फक्त २० सेकंद जातात, पण गल्लीत शिरणे फार महाग पडते. ३०० मीटर आत आणि तेवढेच बाहेर, गल्लीतला वेग ताशी ८ किमी, म्हणजे साडेचार मिनिटे. एका मुलाच्या दारापर्यंत जाण्यासाठी उरलेल्या ३३ मुलांची प्रत्येकी साडेचार मिनिटे. पालक दारात थांबा मागतात तेव्हा हे गणित शांतपणे दाखवा, बहुतेकांना पटते. आणि मार्ग लांबला म्हणून थांबे कमी करायची घाई करू नका. आधी गल्ल्या कमी करा.

राखीव वेळ सोडून लहान मुलांना ४५ मिनिटांपेक्षा, मोठ्यांना तासापेक्षा जास्त बसवू नये. मार्ग सर्वांत लांबच्या टोकापासून सुरू होऊन शाळेकडे सरकत यावा. मूल चढल्यावर बस शाळेवरून पुढे निघून पलीकडे जाते आणि परत येते, असा मार्ग पालक एक सत्रही सहन करत नाहीत. जागांच्या बाबतीत थोडी राखीव ठेवा: ३० आसनांच्या बसवर सुरुवातीला २७ पेक्षा जास्त मुले लावू नका, ऑगस्टपर्यंत दोन-तीन नवे प्रवेश येतातच.

एका बसच्या दोन फेऱ्या

पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, अशी सूचना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयात आहे. मुलांच्या झोपेसाठी ती चांगली आहे. आखणीच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की मोठ्यांची फेरी सात-सव्वासातची आणि लहानांची नऊची, दोन्ही एकाच बसने होऊ शकतात, पण दुसरी फेरी ऐन गर्दीत सापडते.

दोन घंटांमधले अंतर असे तपासा: मोठी मुले उतरवायला ५ मिनिटे, रिकाम्या बसने पहिल्या थांब्यावर पोचायला २०-२५ मिनिटे, लहानांचा मार्ग ५० मिनिटे, अधिक १० मिनिटांचा श्वास. म्हणजे ९० मिनिटे. वरच्या उदाहरणात मोठ्यांची घंटा ७:२० ची असेल तर १०० मिनिटे मिळतात आणि जमते. ७:४० ची असेल तर उरतात ८०, आणि पहिल्याच सोमवारी दुसरी फेरी उशिरा पोचेल. अशा वेळी मार्ग लहान करा किंवा घंटा दहा-वीस मिनिटांनी सरकवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोला. चालकाला ‘जरा दाबून घ्या’ असे सांगणे हा उपाय नाही. तो त्याच्या आणि मुलांच्या जिवावर बेततो.

पायरी ६: शाळेच्या फाटकाशी

रस्त्यावर उतरवू नका, आवारात उतरवा. एका मोठ्या बसला मागच्या-पुढच्या मोकळ्या जागेसह १४ मीटर लागतात. सहा बस एकदम आल्या तर ८४ मीटरची रांग, आणि तेवढे आवार फार थोड्या शाळांकडे असते. म्हणून बसच्या येण्याच्या वेळा तीन-तीन मिनिटांनी पुढेमागे ठेवा आणि कोणत्या क्रमांकाची बस कुठे लागेल हे जमिनीवर रंगवून घ्या. पालकांच्या दुचाकी आणि बस एकाच फाटकातून आत येऊ देऊ नयेत. दुसरे फाटक नसेल तर घंटेआधीची वीस मिनिटे दुचाकी बाहेरच्या रस्त्यावर शंभर मीटर अलीकडे थांबवा. शिपायाला एकट्याला हे झेपत नाही, वाहतूक पोलिसांची मदत पहिले दोन आठवडे तरी मागून घ्या.

पायरी ७: रिकामी चाचणी

मार्ग कागदावर पक्का झाला की रिकामी बस, तोच चालक, तीच मदतनीस, कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला. रविवारी घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. शाळा सुरू होण्याआधी बाकीच्या शाळांच्या बसही रस्त्यावर नसतात, म्हणून मिळालेल्या वेळेत आणखी पाच-सात मिनिटे धरा. प्रत्येक थांब्यावर दार उघडून ठरलेले सेकंद थांबा आणि मोबाइलवर वेळ टिपा. शक्यतो एक चाचणी सोमवारी आणि एक आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. बाजाराच्या गावात तो एक दिवस मार्ग चक्क बंद असतो आणि ते नकाशावर दिसत नाही.

त्यानंतर मार्गपत्रक लिहा. ते असे लिहा की उद्या बदली चालक आला तरी केवळ ते वाचून बस नेऊ शकेल. थांब्याचे नाव पक्क्या खुणेवरून ठेवा. वडापावच्या गाडीवरून ठेवलेले नाव गाडी हलली की फसते. दोन ओळी नमुन्यादाखल:

‘थांबा ४ – ८:०७ – पाण्याच्या टाकीचे लोखंडी फाटक, डाव्या हाताला, फाटकाच्या पुढे एक गाडी अंतर – मुले ३ – चढवल्यावर सरळ, दुसरे डावे वळण.’

‘थांबा ५ – ८:११ – वाचनालयाच्या पायऱ्या – मुले ५ (बालवाडी २, मदतनीसाने उतरून घेणे) – पुढे उंच गतिरोधक, पट्टा रंगवलेला नाही.’

पालकांना द्यायच्या पत्रकात फक्त थांबा आणि वेळ असावी. एक प्रत मदतनीसाकडे, एक शाळेच्या कार्यालयात, एक बसमध्ये चालकाच्या वरच्या कप्प्यात.

रोजचे नियम, पहिल्या दिवसापासून

छापलेल्या वेळेआधी बस थांब्यावरून निघत नाही, आणि वेळ झाल्यावर एका मिनिटापेक्षा जास्त थांबत नाही. बारा थांब्यांच्या मार्गावर आधीच्या अकरा थांब्यांवर एकेक मिनिट जास्त थांबले की शेवटच्या थांब्यावरची मुले अकरा मिनिटे उन्हापावसात उभी राहतात. हा नियम पहिल्या आठवड्यात ढिला पडला की वर्षभर सावरत नाही.

बालवाडी ते दुसरीच्या मुलांना दुपारी ठरलेल्या माणसाच्या हातीच द्यायचे. घ्यायला कोणी आले नाही तर मूल थांब्यावर सोडायचे नाही. मदतनीस फोन करते, मूल बसमध्येच बसते, मार्ग पूर्ण होतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा विचारले जाते. तरीही कोणी नसेल तर मूल शाळेत परत. हे पालकांना लेखी आधीच कळवलेले असले म्हणजे वाद होत नाहीत.

शेवटच्या थांब्याकडे नीट बघा. तिथे एकटे मूल, विशेषतः एकटी मुलगी उरणार नाही असा क्रम लावा, निदान दोन मुले एकत्र उतरावीत. तसे जमत नसेल तर महिला मदतनीस त्या मुलानंतरच उतरेल, आधी नाही. ती वाटेतच राहते म्हणून तिला आधी सोडणे सोयीचे वाटते, पण तेवढी सवलत द्यायची नाही.

फेरी संपल्यावर मदतनीसाने मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक आसनाखाली पाहायचे, मग चालकाने स्वतः एकदा. झोपलेले बालवाडीतले मूल उभ्या माणसाला दारातून दिसत नाही, आणि उन्हात बंद बस काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते.

पावसाळा, मंडप आणि गाळप

प्रत्येक मार्गाला एक पर्यायी वाट आधीच लिहून ठेवा: भुयारी मार्ग तुंबला, कमी उंचीच्या पुलावरून पाणी गेले किंवा घाटात दरड आली तर कोणते थांबे वगळले जातील आणि ती मुले कुठे उतरतील. पुलावरून पाणी वाहताना बस घालायची नाही. पाणी घोटाभर दिसले तरी खालचा भराव खचलेला असू शकतो. पालकांना निरोप कोणी आणि कुठल्या क्रमांकावरून द्यायचा हेही ठरवा, नाहीतर तीन जण तीन निरोप देतात.

गणपतीत दहा-बारा दिवस मंडप, कमानी आणि विसर्जनाचे बंद रस्ते असतात. बसची उंची तीन मीटरच्या वर असते, त्यामुळे रस्ता उघडा असला तरी कमान आडवी येते. मंडळांना परवानग्या कुठे मिळाल्या हे आधी विचारून तात्पुरते थांबे छापून टाका. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गाळप सुरू झाले की मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमुळे दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात. तिथे हिवाळ्याचे वेगळे वेळापत्रकच करा.

मधेच आलेली विनंती

जुलैत कोणीतरी घर बदलते आणि नवा थांबा मागते. लगेच हो म्हणू नका. आधी जवळचा चालू थांबा चालण्याच्या अंतरात बसतो का ते पाहा. बसत नसेल तर नवीन जागा दिसण्याचे अंतर, बाजू, दिवा आणि वळण या चारही कसोट्यांवर त्या त्या वेळेला जाऊन तपासा, मार्गाची वेळ पुन्हा मांडा आणि त्यामुळे कोणत्या थांब्यांची वेळ बदलते ते लिहून समितीकडे द्या. बदल नेहमी सोमवारपासून लागू करा आणि त्याआधीच्या गुरुवारी सगळ्यांना कळवा. मंजुरीपूर्वी चालकाने पालकांशी परस्पर ठरवलेला थांबा तितक्याच ठामपणे बंद करा. असे थांबे बहुतेक वेळा रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असतात, आणि मार्गपत्रकात नसल्याने बदली चालक तिथे थांबत नाही, मूल मात्र तिथेच वाट पाहत उभे असते.